विश्लेषण : स्कॉटलंडमधील मध्यम आकाराची व्यावसायिक लॉ फर्म नेमके काय करते?

ब्रिटनमध्ये व्यवसाय करायचा, तर लंडनचा वकील पुरेसा, असे अनेकांना वाटते. पण दुकान ग्लासगोत असेल किंवा करारात ‘स्कॉटलंडचा कायदा लागू राहील’ असे वाक्य असेल, तर थकबाकी वसूल करण्याच्या मुदतीपासून भाडेकरार संपवण्याच्या रीतीपर्यंत बरेच काही बदलते. या बदलांवरच स्कॉटलंडमधील व्यावसायिक लॉ फर्मचा व्यवसाय उभा आहे.

स्कॉटलंडचा कायदा वेगळा का?

१७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांची संसद एक झाली. कायदा आणि न्यायालये मात्र वेगळीच राहतील, असे एकीकरणाच्या तहातच ठरले होते. १५३२ मध्ये स्थापन झालेले ‘कोर्ट ऑफ सेशन’ हे एडिंबरामधील वरिष्ठ दिवाणी न्यायालय आजही काम करते. दिवाणी प्रकरणांत शेवटचे अपील लंडनच्या सर्वोच्च न्यायालयात जाते, पण तिथेही स्कॉटलंडचाच कायदा लावला जातो. सॉलिसिटरांचे नियमन ‘लॉ सोसायटी ऑफ स्कॉटलंड’ करते. वरिष्ठ न्यायालयात युक्तिवाद करणारे ॲडव्होकेट ‘फॅकल्टी ऑफ ॲडव्होकेट्स’चे सदस्य असतात. अशील सहसा आधी सॉलिसिटरकडे जातो आणि गरज पडल्यास सॉलिसिटर ॲडव्होकेट नेमतो.

‘मध्यम आकार’ म्हणजे किती?

याची अधिकृत व्याख्या नाही. साधारणपणे काही डझन भागीदार आणि एडिंबरा, ग्लासगो, ॲबर्डीन अशा दोन-तीन शहरांत कार्यालये असलेल्या फर्मला मध्यम म्हटले जाते. गेल्या काही वर्षांत यातल्या अनेक फर्म मोठ्या समूहांत विलीन झाल्या. मॅकग्रिगर्स २०१२ मध्ये पिन्सेंट मेसन्समध्ये, डंडास अँड विल्सन २०१४ मध्ये सीएमएसमध्ये आणि मॅक्ले मरे अँड स्पेन्स २०१७ मध्ये डेंटन्समध्ये गेली. उरलेल्या स्वतंत्र फर्मची मुख्य जमेची बाजू म्हणजे स्थानिक कायद्याची आणि माणसांची ओळख.

कोणत्या सेवा मिळतात?

कंपनीविषयक काम : कंपनी कायदा संपूर्ण ब्रिटनसाठी जवळपास एकच आहे. मात्र स्कॉटलंडमध्ये नोंदलेल्या कंपनीच्या क्रमांकाआधी ‘एससी’ ही अक्षरे असतात आणि तिचे नोंदणीकृत कार्यालय स्कॉटलंडमध्येच राहावे लागते. कंपनी विकत घेणे, भागधारकांचे करार आणि कौटुंबिक धंदा पुढच्या पिढीकडे सोपवणे ही या विभागाची नेहमीची कामे. इथे भागीदारी संस्थेलाही भागीदारांपासून वेगळे कायदेशीर अस्तित्व असते. इंग्लंडमध्ये साध्या भागीदारीला ते नाही, भारतातही नाही.

जागा-जमीन : खरेदीचा करार बहुधा दोन्ही बाजूंच्या सॉलिसिटरांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांतून होतो. या पत्रांना ‘मिसिव्ह्ज’ म्हणतात. अटींवर पूर्ण एकमत होईपर्यंत कोणतीही बाजू माघार घेऊ शकते. मग हक्काची नोंद ‘लँड रजिस्टर’मध्ये होते आणि त्या नोंदीमागे ‘कीपर’ या अधिकाऱ्याची हमी असते. आपल्याकडे दस्त नोंदवल्याने मालकीची अशी हमी मिळत नाही. मुद्रांक शुल्काच्या जागी २०१५ पासून स्कॉटलंडचा स्वतःचा व्यवहार कर आहे. तो ‘रेव्हेन्यू स्कॉटलंड’ गोळा करते.

कर्ज आणि तारण : इमारत गहाण ठेवण्यासाठी १९७० च्या कायद्याने ठरवून दिलेले ‘स्टँडर्ड सिक्युरिटी’ हेच साधन वापरावे लागते. यंत्रे किंवा येणी तारण ठेवणे पूर्वी किचकट होते. त्यासाठी २०२३ मध्ये कायदा झाला आणि एप्रिल २०२५ पासून नव्या नोंदवह्या सुरू झाल्या. म्हणूनच लंडनची बँक कर्ज देत असली, तरी तारण स्कॉटलंडमध्ये असेल तर तिला तिथला वकील लागतो.

वाद आणि वसुली : एक लाख पौंडांपर्यंतचे दावे ‘शेरिफ कोर्टा’त चालतात, त्यावरचे दावे कोर्ट ऑफ सेशनमध्येही दाखल करता येतात. याशिवाय नोकरीविषयक कायदा, बौद्धिक संपदा, दिवाळखोरी आणि मृत्युपत्रे यांचेही विभाग असतात.

अशील कोण असतात?

ॲबर्डीनमध्ये तेल-वायू उद्योगाला सेवा पुरवणाऱ्या कंपन्या, हायलँड्समधील व्हिस्कीच्या डिस्टिलरी, पश्चिम किनाऱ्यावरचे सॅमन मत्स्यपालक, एडिंबरामधील वित्तसंस्था, विद्यापीठे, नगर परिषदा, गृहनिर्माण संस्था, धर्मादाय संस्था आणि मोठ्या शेतजमिनींचे मालक. पवनऊर्जेमुळे कामाचा नवा प्रवाह आला आहे. २०२२ मध्ये ‘स्कॉटविंड’ फेरीत समुद्रतळाच्या भाडेपट्ट्यासाठी आधी १७ प्रकल्पांची निवड झाली. अशा प्रकल्पांना समुद्रतळाच्या हक्कांपासून किनाऱ्यावरच्या वीजवाहिनीपर्यंत करारांची साखळीच लागते. भारतीय भांडवलाचाही इथे संबंध आला आहे. विजय मल्ल्या यांच्या समूहाने २००७ मध्ये ग्लासगोची व्हाइट अँड मॅके ही व्हिस्की कंपनी ५९.५ कोटी पौंडांना घेतली होती. २०१४ मध्ये ती फिलिपिन्सच्या एम्पेराडोरकडे गेली.

नियम माहीत नसतील तर काय बिघडते?

पहिले उदाहरण थकबाकीचे. करारभंगाचा दावा करायला इंग्लंडमध्ये साधारण सहा वर्षे मिळतात, भारतात तीन. स्कॉटलंडमध्ये पाच. तिथे मुदत संपली की केवळ दाव्याचा मार्ग बंद होतो असे नाही, तर देणेच संपुष्टात येते. इंग्लंडच्या हिशेबाने साडेपाच वर्षे थांबलेल्या व्यापाऱ्याच्या हाती काही उरत नाही.

दुसरे भाडेकराराचे. स्कॉटलंडमध्ये मुदत संपण्याआधी वेळेत नोटीस दिली नाही, तर वर्षभराचा किंवा त्याहून मोठा व्यावसायिक भाडेकरार आपोआप आणखी एक वर्ष चालू राहतो. जागा नको असलेल्या भाडेकरूवर वर्षाचे भाडे पडते. उलट, इंग्लंडमध्ये बहुतेक व्यावसायिक भाडेकरूंना नूतनीकरणाचा जो कायदेशीर हक्क मिळतो, तसा सरसकट हक्क इथे नाही.

तिसरे शब्दाचे. भारतात, काही अपवाद सोडले तर, मोबदल्याशिवाय करार ठरत नाही. स्कॉटलंडमध्ये मोबदल्याची अट नाही. व्यवसायाच्या ओघात गांभीर्याने दिलेले एकतर्फी वचनही बंधनकारक ठरू शकते. त्यामुळे सहज पाठवलेला ई-मेलही अंगाशी येऊ शकतो.

वकील नेमताना काय पाहावे?

सॉलिसिटरचे नाव लॉ सोसायटीच्या यादीत आहे का, हे आधी तपासावे. शुल्क ताशी आहे की ठरावीक, आणि अंदाज ओलांडला तर कधी कळवणार, हे लेखी घ्यावे. भारतातून पैसे पाठवायचे असतील, तर ओळखपत्रांबरोबर पैशाच्या स्रोताची कागदपत्रे तयार ठेवावीत. ती तपासणे वकिलावर बंधनकारक आहे आणि त्यात वेळ जातो. तक्रार असेल तर आधी फर्मकडे आणि तिथे समाधान झाले नाही तर ‘स्कॉटिश लीगल कंप्लेंट्स कमिशन’कडे जाता येते. त्याआधीचे सर्वांत सोपे काम म्हणजे करारातले ‘कोणता कायदा लागू’ हे कलम सही करण्यापूर्वी वाचणे.