कीर्तन टिपताना माइक कुठे?
जांब समर्थ (ता. घनसावंगी) हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, जन्म १६०८, रामनवमीचा. इथे कीर्तन टिपायचे तर आधी टाळी वाजवून जागेचा घुमारा ऐका. दगडी भिंतींत तो जास्त, म्हणून माइक जवळ आणा. अंतर निम्मे केले की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, घुमारा जवळपास तेवढाच राहतो. वादकांसमोर दोन माइक, टोकांत १७ सेंमी अंतर, मधला कोन ११० अंश: फ्रेंच रेडिओची ही मांडणी तंतुवाद्यांच्या चौकडीइतकीच पेटी-तबल्यालाही मानवते. कीर्तनकार मात्र उभा, फिरता. त्याला छातीशी वेगळा माइक द्यावाच. झांज त्या माइकच्या समोरासमोर नको, तिच्या खणखणाटात कीर्तनकाराचे शब्द बुडतात.