हर्पीस आणि थंड प्लाझ्मा

युनियनच्या कचेरीत पगाराच्या, रजेच्या, बडतर्फीच्या तक्रारी रोज येतात. जी तक्रार माणसे लाजेपोटी आणतच नाहीत, ती आम्हांला अधिक छळते. एकदा एक तरुण कामगार दार लोटून घेऊन हळूच म्हणाला, "दादा, जांघेजवळ फोड येतात, बरे होतात, पुन्हा येतात." एका भोंदूने त्याच्याकडून दोन महिन्यांचा पगार उकळला होता. म्हणून आज हा विषय घेतला.

हा रोग म्हणजे जननेंद्रियांचा हर्पीस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ८४ कोटी ६० लाख लोकांना हा संसर्ग आहे. म्हणजे पाचांत एकाहून अधिक. विषाणू कातडीतून शिरतो आणि कण्याच्या खालच्या टोकाजवळील मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो. अधूनमधून तो कातडीवर उतरतो, तेव्हा फोड येतात.

आता थंड प्लाझ्माचे प्रयोग चालले आहेत. हा रक्तातला प्लाझ्मा नव्हे. वायूला विजेचा जोर दिला की त्याचे कण विद्युत्‌भारित होतात. त्या अवस्थेला १९२८ साली लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने हे नाव दिले. आकाशातली वीजही प्लाझ्माच. पण हा थंड प्रकार कातडीला भाजत नाही. त्यातून निघणारे ऑक्सिजन व नायट्रोजनचे जहाल कण विषाणूंवर मारा करतात. जर्मनीत जखमांवर अशी उपकरणे वापरतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात, डोळ्याच्या पारदर्शक पडद्याच्या पेशींत हर्पीसच्या पहिल्या जातीच्या विषाणूची वाढ त्याने रोखली. ही जात जननेंद्रियांवरही फोड आणते.

मग रोग मुळातून जाईल काय? फाटकावर कितीही पहारा बसवला, तरी आत लपलेला माणूस सापडत नाही. प्लाझ्मा कातडीपुरता, विषाणू कण्यापाशी. म्हणून आज जो कोणी "प्लाझ्माने कायमचा बरा करतो" म्हणेल, तो तुमच्या खिशावर डोळा ठेवून आहे असे समजा.

असायक्लोव्हिरच्या गोळ्याही मुळावर घाव घालत नाहीत. पण त्या लवकर सुरू केल्या तर त्रासाचे दिवस कमी होतात, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज घेतल्यास फोड क्वचित येतात. निरोधने संसर्गाचा धोका घटतो. गरोदर बाईने तर डॉक्टरांना हे सांगितलेच पाहिजे, कारण बाळंतपणात मुलाला धोका असतो.

तो तरुण पुढे सरकारी दवाखान्यात गेला. तुम्हीही जा, आणि शेजारी दबल्या आवाजात काही सांगू लागला, तर हसू नका.