निमंत्रणाविना आलेले आठ संघ : एडिंबरा, १९४७

दर ऑगस्टमध्ये ब्रिटनमधील आपली अनेक कुटुंबे मुलाबाळांसह एडिंबऱ्याला जातात. रॉयल माइलवर पत्रके वाटणारे नट, चौकाचौकांतील कसरतपटू आणि तळघरांतून चालणारे प्रयोग पाहताना हा सारा एकच महोत्सव आहे असे वाटते. वस्तुतः तेथे दोन महोत्सव आहेत. दोन्हींचा जन्म १९४७ च्या त्याच तीन आठवड्यांत झाला. मात्र एकाला निमंत्रण होते, दुसऱ्याला नव्हते.

महायुद्ध संपून दोन वर्षे झाली होती. युरोपातील कित्येक नाट्यगृहे उद्ध्वस्त होती आणि ब्रिटनमध्ये शिधावाटप चालूच होते. अशा काळात संगीत, नाटक, ऑपेरा आणि नृत्य यांना एकत्र आणणारा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरविण्याची कल्पना रुडॉल्फ बिंग यांनी मांडली. ते व्हिएन्नात जन्मलेले ज्यू होते आणि नाझी राजवटीमुळे इंग्लंडच्या आश्रयास आले होते. बॉम्बवर्षावातून बऱ्याच अंशी वाचलेले एडिंबरा त्यांनी निवडले आणि नगरप्रमुख जॉन फाल्कनर यांनी ही कल्पना उचलून धरली. कोळशाच्या टंचाईमुळे किल्ल्यावर रोषणाई करण्यास सरकारने प्रथम नकार दिला. तेव्हा नागरिकांनी आपल्या वाट्याचा कोळसा देऊ केला आणि अखेर काही रात्री किल्ला उजळला.

कार्यक्रम भव्य होता. ग्लाइंडबोर्नच्या संस्थेने व्हेर्दीचा 'मॅकबेथ' सादर केला, सॅडलर्स वेल्सने 'स्लीपिंग ब्यूटी' हा बॅले केला आणि ओल्ड व्हिकच्या 'रिचर्ड दुसरा' या नाटकात अ‍ॅलेक गिनेस यांनी राजाची भूमिका केली. परंतु सर्वांत मोठा प्रसंग घडला तो अशर हॉलमध्ये. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया हिटलरच्या ताब्यात गेल्यावर ज्यू वाद्यवृंदसंचालक ब्रूनो वॉल्टर यांना व्हिएन्ना सोडावे लागले होते. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने आपल्या ज्यू वादकांना बाहेर काढले. त्यांतील काहींचा अंत छळछावण्यांत झाला. तोच वाद्यवृंद आता वॉल्टर यांच्या हाताखाली वाजवीत होता आणि ज्याचे संगीत नाझींनी वर्ज्य ठरविले होते, त्या माहलरचे पृथ्वीगीत कॅथलीन फेरिअर गात होत्या. चौदाव्या वर्षी शाळा सोडून टेलिफोन खात्यात नोकरी धरलेली ही गायिका त्या व्यासपीठावर उभी होती. संगीताने माणसे पुन्हा एकत्र आली हे खरे. पण ज्यांना हाकलले गेले त्यांच्यावरील अन्यायाचा हिशेब एका मैफलीने पुरा होत नाही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावे लागू नये.

या निमंत्रितांच्या यादीत एकही स्कॉटिश नाट्यसंस्था नव्हती. यजमान भूमीची भाषा आणि तिचे नाटक तिच्याच उत्सवाबाहेर राहिले. तेव्हा आठ नाट्यसंघ स्वतःहून आले : सहा स्कॉटलंडचे, दोन इंग्लंडचे. कामगारांतून उभ्या राहिलेल्या ग्लासगो युनिटीने गॉर्कीचे तळागाळातील माणसांचे नाटक आणले. एका स्थानिक संघाने शेक्सपिअरचा 'मॅकबेथ' केला, एका संघाने बाहुल्यांचे खेळ लावले, तर एका नाटकाचा प्रयोग थेट डनफर्मलिनच्या मठात झाला. पुढल्या वर्षी नाटककार रॉबर्ट केम्प यांनी अशा प्रयोगांचे वर्णन अधिकृत महोत्सवाच्या 'फ्रिंज'वरचे, म्हणजे काठावरचे, असे केले आणि तेच नाव रूढ झाले. १९५८ साली फ्रिंज सोसायटी स्थापन झाली. कोणाला येऊ द्यायचे याची निवड संस्थेने करायची नाही, हे तिचे मूलतत्त्व ठरले. आज ही काठावरची चळवळ मूळ महोत्सवापेक्षा कितीतरी पटींनी मोठी आहे.

हा इतिहास आम्हांस परका वाटत नाही. नाट्यगृहाची दारे बंद असताना १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आंबेडकरी जलसे वस्त्यांतून आणि मैदानांतून उभे राहिले. त्यांनी कोणाच्या निमंत्रणाची वाट पाहिली नाही. आणखी एक योग असा की, एडिंबऱ्याच्या त्या पहिल्या महोत्सवाच्याच दिवसांत, २९ ऑगस्ट १९४७ रोजी, दिल्लीत संविधानाच्या मसुदा समितीची स्थापना झाली. बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले.

परंतु खुले दार म्हणजे समता नव्हे. फ्रिंजमध्ये आज निवड नाही, पण सभागृहाचे भाडे, राहण्याचा खर्च आणि जाहिरात कलावंताला स्वतः सोसावी लागते. ज्याच्या गाठीशी पैसा नाही त्याला उघड्या दारातूनही आत जाता येत नाही. राजकीय समतेला सामाजिक आणि आर्थिक समतेची जोड नसेल तर ती टिकणार नाही, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. कलेच्या व्यासपीठालाही तो तंतोतंत लागू पडतो.

म्हणून परदेशातील आपल्या मंडळांपुढे आम्ही एक सूचना ठेवतो. भीमजयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण नामवंत पाहुणे बोलावतो, ते योग्यच आहे. त्याच दिवशी एक तास निवडीविना खुला ठेवावा. मराठी अडखळत बोलणारी येथील मुले, घरकामातून गाणे जपलेल्या आपल्या माता-भगिनी आणि नुकतेच आलेले विद्यार्थी यांपैकी जो नाव देईल त्याला तो मिळावा. सभागृह, ध्वनिक्षेपक आणि दूरच्या कलावंताचे प्रवासभाडे मंडळाने द्यावे. येत्या जयंतीच्या अंदाजपत्रकात ही तरतूद करता येईल. ज्या मंडळांनी हा प्रयोग आधीच केला असेल त्यांनी आपला अनुभव या अंकांतून अवश्य मांडावा. जयभीम!