प्लॅस्टिक ऊष्मारूपण

ऊष्मामृदू (तापविल्यास मऊ व निवल्यावर पुन्हा कठीण होणाऱ्या) प्लॅस्टिकचा तक्ता तापवून मऊ करणे, तो साच्यावर किंवा साच्यात ताणून बसविणे आणि त्याच आकारात निववून काढून घेणे, या क्रियेस ऊष्मारूपण म्हणतात. बेकेलाइटासारखी ऊष्मादृढ प्लॅस्टिके एकदा कठीण झाल्यावर पुन्हा मऊ होत नसल्याने त्यांना ही पद्धत लागू पडत नाही. येथे प्लॅस्टिक वितळू द्यावयाचे नसते. ते रबरासारखे ताणले जाईल एवढेच तापवितात.

नळांच्या बाबतीत हेच तत्त्व खानदेशातील शेतकरी नित्य वापरतो. जळगाव जिल्ह्यात गिरणेच्या काठी वसलेल्या भडगावच्या परिसरात विहिरीचे पाणी पीव्हीसी नळांतून शेतापर्यंत नेतात. नळाचे टोक पऱ्हाट्यांच्या जाळावर फिरवून मऊ करावयाचे व त्यात दुसऱ्या नळाचे टोक दाबून बसवावयाचे, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. कारखान्यात नळाला रुंद तोंड (सॉकेट) असेच पाडतात. मात्र तेथे तापमान नियंत्रित असते व दट्ट्या ठरावीक मापाचा असतो. पीव्हीसी सु. ८०° से.च्या पुढे मऊ होऊ लागते. जाळावर एक बाजू करपते, तर दुसरी पुरेशी मऊ होत नाही. ताणून पातळ झालेल्या जागी पंपाचा दाब येताच जोड फुटतो. शिवाय करपणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो. रुंदावलेले टोक पुन्हा तापविल्यास ते मूळ व्यासाकडे आकसते. लांब रेणुशृंखला ताणलेल्या स्थितीतच गोठलेल्या असतात व उष्णता मिळताच त्या पूर्वस्थितीकडे वळतात, हे याचे कारण होय. ऊष्मारूपित वस्तू गरम जागी ठेवल्यास वाकडी होते, तीही यामुळेच.

यंत्रावर तक्ता चौकटीत घट्ट धरून बहुधा अवरक्त किरणांनी तापवितात. प्लॅस्टिक उष्णतेचे मंदवाहक असल्यामुळे जाड तक्त्याचा गाभा तापेपर्यंत पृष्ठभाग करपण्याचा धोका असतो; म्हणून असा तक्ता दोन्ही बाजूंनी व सावकाश तापवावा लागतो. मऊ तक्ता साच्यावर आणून साच्यातील बारीक छिद्रांवाटे हवा शोषून घेतली की बाहेरील वातावरणीय दाब त्याला साच्याशी चिकटवितो. या निर्वात पद्धतीत दाब प्रत्येक चौ. सेंमी.ला सु. १ किग्रॅ.पेक्षा अधिक मिळू शकत नाही; तीक्ष्ण कडा व बारीक नक्षी हवी असल्यास वरून संपीडित हवा सोडतात. एवढा कमी दाब पुरत असल्याने साचा एकाच बाजूचा व हलका चालतो. थोड्या नगांसाठी तो लाकडाचाही करता येतो. मोठ्या उत्पादनासाठी पाण्याने थंड ठेवलेला ॲल्युमिनियमचा साचा वापरतात.

या पद्धतीची खरी मर्यादा जाडीची आहे. रोपवाटिकेत रोपे वाढविण्यासाठी वापरतात त्या कप्प्यांच्या ट्रेचे उदाहरण घेऊ. ४ सेंमी. बाजूचा चौरस व ४ सेंमी. खोल असा कप्पा धरल्यास त्याला तक्त्यातून १६ चौ. सेंमी. भाग मिळतो; पण तळ व चार भिंती मिळून ८० चौ. सेंमी. पृष्ठ झाकावयाचे असते. म्हणजे १ मिमी. जाडीचा तक्ता सरासरी ०·२ मिमी. उरतो. साच्याला प्रथम टेकलेला भाग तेथेच थिजतो व ताण उरलेल्या भागावर पडतो. परिणामी तळाचे कोपरे सर्वांत पातळ होतात आणि ट्रे तेथेच फाटतो. यावर उपाय म्हणून शोषणापूर्वी दट्ट्याने तक्ता खाली ढकलून तो सारखा ताणतात, तसेच कप्पा खाली निमुळता ठेवून कोपरे गोलसर करतात. जळगावच्या ऊतिसंवर्धित केळीची कोवळी रोपे प्रयोगशाळेतून बाहेर आल्यावर अशाच ट्रेमध्ये बाहेरच्या हवेला सरावतात.

प्रशीतकाचे आतील अस्तर, ॲक्रिलिकची स्नानपात्रे, दह्याचे पेले, गोळ्यांची वेष्टने आणि अंधांसाठी ब्रेल पृष्ठांच्या प्रती या पद्धतीने तयार होतात. दुसऱ्या महायुद्धात विमानचालकाच्या कक्षाची पारदर्शक ॲक्रिलिक छत्रे अशीच बनवीत. ‘जयपूर फूट’ या कृत्रिम पायाची खोबण करताना तर उच्च घनता पॉलिएथिलिनाचा नळच भट्टीत तापवून रुग्णाच्या अवयवाबरहुकूम केलेल्या प्लॅस्टरच्या साच्यावर चढवितात. यात साचा एकाच माणसासाठी असतो.

कमी खर्चाच्या साच्यामुळेच एकदा वापरून फेकावयाच्या ताटल्या व पेल्यांचा सुळसुळाट झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या अशा वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले व चमचे यांवर बंदी आली. वस्तू कापून उरलेली जाळी मात्र कारखान्यातच दळून पुन्हा तक्त्यात मिसळता येते. गोळ्यांच्या वेष्टनाची गोष्ट निराळी आहे. त्यातील पीव्हीसीला ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटविलेला असतो व ही दोन्ही द्रव्ये वेगळी करणे कठीण असल्याने वापरलेले वेष्टन क्वचितच पुन्हा उपयोगात येते.