संत्र्याच्या सालीपासून इंधन: आधी तेल काढा

संत्र्याची साल सोलताना डोळ्यांत उडून चुरचुरणारं तेल प्रामुख्याने लिमोनीनचं असतं. बुरशी आणि किडींपासून फळाचं रक्षण करणारं हे रसायन आहे. साखरेचं इथेनॉल करणारं यीस्ट ही बुरशीचीच एक जात, त्यामुळे तेलकट सालीत ते सोडलं की त्याची वाढ खुंटते आणि आंबवण थांबतं.

एरवी साल हा उत्तम कच्चा माल. रस काढल्यावर फळाचं जवळपास निम्मं वजन साल-चोथ्याच्या रूपाने उरतं. त्यात साखर असते, पेक्टिन आणि सेल्युलोज असतं. उसाच्या चिपाडाला टणक करणारं लिग्निन मात्र फार थोडं.

तेलाचा हा तिढा अमेरिकेत फ्लोरिडातल्या विंटर हेवन इथल्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत कारेल ग्रोमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतला. साल दाबाखालच्या वाफेत तापवायची आणि दाब एकदम सोडायचा. आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते, पेशी फाटतात, लिमोनीन वाफेबरोबर निघून जातं. ते थंड करून वेगळं साठवता येतं. साबण, सुगंध आणि सफाईच्या द्रावणांसाठी त्याला गिऱ्हाईक आहे. मग विकरं पेक्टिन आणि सेल्युलोज तोडतात, यीस्ट साखर आंबवतं. एक किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त 511 ग्रॅम इथेनॉल मिळतं. पेक्टिनमधून सुटणारं आम्ल नेहमीच्या यीस्टला पचत नाही. त्यासाठी फ्लोरिडा विद्यापीठातल्या लॉनी इन्ग्राम यांच्या गटाने जनुकं बदललेला जिवाणू उपयोगी पडला. याच संशोधनाला 1991 मध्ये अमेरिकेचं पन्नास लाखावं पेटंट मिळालं होतं.

अडचण पाण्याची आहे. ओल्या सालीत सुमारे 80 टक्के पाणी असतं, म्हणून आंबलेला द्रव पातळ होतो आणि त्यातून इथेनॉल वेगळं करायला भरपूर उष्णता खर्चावी लागते. शिवाय वाळवलेल्या सालीला पशुखाद्य म्हणून आधीच मागणी आहे. त्यात 2005 मध्ये फ्लोरिडाच्या बागांत झाडं खंगवणारा ग्रीनिंग रोग सापडला. 2003-04 मध्ये तिथे संत्र्यांच्या 24 कोटींवर पेट्या निघाल्या होत्या. अलीकडे दोन कोटीही निघत नाहीत. फळच नाही, तिथे साल कुठली?

आपलं नागपुरी संत्रं बहुतेक ताजंच खाल्लं जातं, त्यामुळे त्याची साल घरोघरी विखुरते. ती गोळा करून इंधन बनवण्यात डिझेलच अधिक जळेल. हा उद्योग रसाच्या कारखान्याला लागूनच उभा राहू शकतो, आणि तिथेही आधी तेल विकून मग इथेनॉल काढलं तरच त्याचा हिशेब जुळण्याची आशा आहे.