चित्रपटांवर लिहिणाऱ्यांचा सन्मान

चित्रपटास पारितोषिक मिळतें हें आपणांस ठाऊक आहेच. १९५४ सालीं राष्ट्रीय पारितोषिकें सुरू झालीं, तेव्हां पहिलें सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'नें पटकाविलें. परंतु चित्रपटाविषयीं लिहिणाऱ्याचें काय? त्याला पुष्कळच तिष्ठावें लागलें. उत्तम ग्रंथास १९८१ च्या व उत्तम समीक्षकास १९८४ च्या पारितोषिकांत प्रथम स्थान मिळालें.

१९८५ सालचा ग्रंथाचा मान एका मराठी पुस्तकाकडे आला : अरुण खोपकर यांचें 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका'. लेखक पुण्याच्या चित्रपटसंस्थेंत शिकलेले. 'प्यासा' (१९५७), 'कागज के फूल' (१९५९) आणि 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२) या तीन चित्रांची त्यांनीं चिकित्सा केली. पैकीं मधलें चित्र प्रदर्शित झालें तेव्हां साफ कोसळलें होतें! अशा चित्राकडे रसिकांस पुन्हां वळवितो तो जाणता लेखकच. तिकीटविक्रीचे आंकडे नव्हेत.

बार्शीसारख्या तालुक्याच्या गांवीं थिएटरांतून उतरलेलें चित्र पूर्वीं पुन्हां दिसेलच असें नसे. मागें उरे तें आठवलेलें आणि वाचलेलें. आपले बहुतेक मूकपट तर कायमचे नष्ट झाले. त्यांच्याविषयीं जें कांहीं कळतें, तें बव्हंशीं जुन्या लेखांवरून व जाहिरातींवरूनच. मग त्या लेखणीस पदक देणें ही मेहेरबानी कशी म्हणावी?

खोपकरांच्या ग्रंथाचा शान्ता गोखले यांनीं केलेला इंग्रजी अनुवाद २०१२ सालीं प्रसिद्ध झाला.