इंटरनेट सुरू, तरी पान उघडेना

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस होते. संगणक कक्षातील वायफायवर आमच्या मोबाइलमध्ये संदेश येत होते, म्हणजे इंटरनेट सुरू होते. परंतु संगणकावर अर्जाचे पान काही केल्या उघडेना. मुले कागदपत्रे घेऊन ताटकळत उभी होती. आम्ही राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू केला आणि अर्धा दिवस घालवला. अखेर नववीच्या एका विद्यार्थिनीने पडद्यावरील इंग्रजी सूचना वाचून दाखवली : संगणकाचे घड्याळ मागे आहे. ती सूचना आम्ही न वाचताच बंद करीत होतो.

पाहिले तर संगणकाची तारीख 1 जानेवारी 2009 होती. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली की संगणक बंद असताना तारीख राहत नाही. सुरक्षित संकेतस्थळ आपले प्रमाणपत्र दाखवते व त्यावर मुदत असते. 2009 सालात वावरणाऱ्या संगणकाला ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही असे वाटते आणि ब्राउझर पान अडवतो. तारीख दुरुस्त करताच पान उघडले. सी.आर. 2032 ही बॅटरी बदलल्यावर तक्रार कायमची मिटली.

असा प्रसंग आपल्या घरीही येऊ शकतो. तेव्हा पुढील क्रमाने तपासावे.

पडद्यावरील सूचना प्रथम पूर्ण वाचावी. मग दुसरे संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडले तर दोष बहुधा पहिल्या संकेतस्थळाकडे असतो व थोडे थांबणे हाच उपाय ठरतो. कोणतेच उघडत नसेल तर तारीख, वेळ व सालही पाहावे. त्यानंतर दुसरा ब्राउझर वापरावा. त्यात पान उघडले तर पहिल्या ब्राउझरची साठवण, म्हणजे कॅशे, पुसावी व जोडलेली एक्स्टेन्शन बंद करावीत. सेटिंगमध्ये नकळत प्रॉक्सी सुरू झालेली नाही ना, हेही पाहावे.

तरीही अडले तर डीएनएसकडे वळावे. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक शोधून देणारी ही व्यवस्था. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग 8.8.8.8' या आज्ञेला उत्तर येते, पण नावाने काहीच उघडत नाही, असे असेल तर दोष बहुधा येथेच असतो. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून 8.8.8.8 किंवा 1.1.1.1 लिहून पाहावे. संगणक जुना असल्यास ब्राउझरची आवृत्तीही पाहावी. विंडोज 7 वर क्रोमची 109 ही शेवटची आवृत्ती चालते.

एक इशारा मात्र अवश्य देतो. सुरक्षेची सूचना डावलून पुढे जाऊन आधार वा बँकेची माहिती कधीही भरू नये.

त्या सायंकाळी सर्व मुलांचे अर्ज दाखल झाले. तेव्हापासून संगणक कक्षात आम्ही दोन नियम पाळतो : सूचना वाचल्याशिवाय बंद करायची नाही आणि अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवायचा नाही.